पॅरिसहून एक दिवस बोनला: गाव निवडताना आधी दुपारच्या जेवणाचं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं चौघांचं कुटुंब जूनमध्ये पॅरिसला येतंय. नवरा-बायको आणि नवऱ्याचे आई-बाबा. टूरबरोबर आलं की इथेही महाराजांच्या हातचं वरण-भात आणि बटाट्याची भाजीच पुढ्यात येते, म्हणून स्वतःच यायचं ठरवलंय. एक दिवस पॅरिसबाहेर छोट्या गावी जायचंय आणि तिथे व्यवस्थित फ्रेंच जेवण जेवायचंय. आई शाकाहारी (केकमधलं अंडं चालतं, आम्लेट नको), बाबांना मासे-चिकन चालतं पण बीफ आणि पोर्क अजिबात नाही, उरलेले दोघे काहीही खाऊन बघायला तयार. कुठे जावं, काय मागवावं आणि आईंचं काय करावं?

मी दिजोंमध्ये राहते आणि उन्हाळ्यात आपल्याकडच्या कुटुंबांना या भागात फिरवते, त्यामुळे आईंचा प्रश्न माझ्या रोजच्या परिचयाचा आहे. पण त्याच्या आधी गाव निवडण्याबद्दल बोलू, कारण बहुतेकांचा दिवस तिथेच फसतो.

गाव निवडताना आपण "तिथे बघण्यासारखं काय आहे" हे विचारतो. फ्रान्सच्या छोट्या गावाला विचारायचा प्रश्न वेगळा: बाजार कोणत्या वारी भरतो आणि दुपारी जेवण कुठे मिळेल? इथे सकाळी गाव जागं असतं, बारा वाजता दुकानांची शटर्स खाली येतात, सगळे जेवायला बसतात आणि दोननंतर स्वयंपाकघर बंद. मग थेट संध्याकाळी सात-साडेसातला पुन्हा चूल पेटते. आपल्या मंडळींचा क्रम मात्र असा: हॉटेलात भरपेट नाश्ता, दहाला निघणं, साडेबाराला पोहोचणं, दोनपर्यंत फोटो आणि सव्वादोनला "आता जेवू या". तोवर वेटर खुर्च्या आवरत असतो. मग स्टेशनवरचं गार सँडविच खात फ्रेंच जेवणाला नावं ठेवायची. सोमवारी गेलात तर तेही मिळायचं नाही, कारण रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी निम्मं गाव बंद असतं.

म्हणून माझं उत्तर: शनिवारी सकाळी लवकर निघून बोनला जा.

बोन हे बरगंडी प्रांतातलं, दिजोंच्या दक्षिणेचं, तटबंदीच्या आतलं लहानसं गाव. पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून दिजोंपर्यंत तेजेवे, म्हणजे वेगवान गाडी, साधारण एक तास चाळीस मिनिटांत पोहोचते. दिजोंला गाडी बदलून तेएएर, म्हणजे प्रादेशिक लोकल पकडायची. ती वीस ते तीस मिनिटांत बोनला सोडते. तेजेवेचं तिकीट विमानासारखं, जितकं उशिरा काढाल तितकं महाग, म्हणून आत्ताच काढून ठेवा. तेएएरचं भाडं ठरलेलं असतं आणि जागा राखून ठेवावी लागत नाही, ते त्या दिवशी काढलंत तरी चालतं. पॅरिस बेर्सीहून थेट बोनला जाणारी तेएएरसुद्धा आहे, स्वस्तही पडते, पण तिला दिजोंपर्यंतच तीन तासांच्या आसपास लागतात. आई-बाबांना घेऊन जाता-येता एवढं बसायचं आणि वर बाजार हुकवायचा, यात मला अर्थ दिसत नाही. सकाळी सातच्या सुमाराची गाडी धरा, म्हणजे दहाच्या आत बोन. स्टेशनवरून गावाच्या मध्यावर पायी दहा-पंधरा मिनिटं.

एवढं लांब नको असेल तर प्रोवँ आहे, पॅरिसच्या गार द लेस्तवरून साधारण दीड तास, पॅरिस परिसराच्या लोकल तिकिटातच होणारं. मध्ययुगीन तटबंदी, जागतिक वारशाच्या यादीतलं गाव, शनिवारी बाजार. चार्त्र तर त्याहून जवळ, आणि तिथलं कॅथेड्रल बघून डोळ्यांचं पारणं फिटतं. पण जेवण हा मुख्य हेतू असेल तर या दोन्हींपेक्षा बोनला माझं झुकतं माप. मोंसॅं-मिशेल, म्हणजे समुद्रातल्या खडकावरचा तो प्रसिद्ध मठ, एका दिवसात करू नका, सगळा दिवस बसमध्ये जातो.

बाजार ओतेल-द्यू या जुन्या रुग्णालयासमोरच्या आलच्या चौकात भरतो. बुधवारी छोटा, शनिवारी मोठा, आसपासच्या गल्ल्यांत पसरलेला. साडेबाराला आवरायला सुरुवात होते. इथे दोन गोष्टी पाळा. पहिली, तोंड उघडताना आधी "बोंजूर", मग बाकीचं. हे औपचारिक वाटतं, पण न म्हणता थेट "हाऊ मच" विचारलंत तर समोरच्या बाईचा चेहरा बदलतो आणि मग फ्रेंच लोक तुसडे असतात असा आपला समज होतो. दुसरी, फळांना हात लावायचा नाही. मंडईत आपण टोमॅटो दाबून बघतो, आंबा हुंगतो. इथे विक्रेता निवडून देतो, आणि खरबूज घेतलंत तर "आज खाणार की उद्या?" असं विचारतो. आज म्हणालात तर देठाशी दाबून, वास घेऊन तो त्या दिवशीचं फळ शोधून काढतो. हा सोहळा मुद्दाम बघा. रांग असली तरी कुणी घाई करत नाही.

जूनमध्ये चेरी ऐन बहरात असतात, स्ट्रॉबेरी असते, जर्दाळू यायला लागतात. शेंगांमधले ताजे वाटाणे असतात. आईंसाठी मुळ्याची जुडी घ्या. लाल-पांढरे, बोटाएवढे मुळे, खारवलेलं लोणी आणि पाव. फ्रेंच घरांतून जेवणाआधी हे असंच खातात. मुळ्याला लोणी म्हटल्यावर आपल्याला नवल वाटतं, पण तिखटपणा लोण्यात बसतो आणि मीठ वर येतं. चीजच्या गाडीवर चव बघायला पातळ काप देतात. त्यातला कोंते मागा, पहिल्यांदा बारा महिने मुरलेला आणि मग चोवीस महिने मुरलेला. पहिला गोडसर, दुधाळ. दुसऱ्यात बदामाची चव आणि दाताखाली कचकन लागणारे बारीक स्फटिक. आपल्या लोकांना चीज म्हणजे पिझ्झावरचं तार सुटणारं एवढंच माहीत असतं, त्यामुळे हे दोन काप एकापाठोपाठ खाल्ले की चेहरे बघण्यासारखे होतात.

आता आईंचा विषय, सविस्तर.

"वेजेतारियेन" हा शब्द आता फ्रान्समध्ये सगळ्यांना कळतो. अडचण शब्दाची नाही, सवयीची आहे. पदार्थात मांस मुख्य नसेल तर तो भाजीचाच, अशी इथल्या जुन्या स्वयंपाकघरांची समजूत. त्यामुळे सॅलडवर लार्दों, म्हणजे डुकराच्या मांसाचे काडीसारखे तुकडे, न सांगता पडलेले असतात. कांद्याच्या सूपचा आधार बहुधा गाईच्या हाडांचा अर्क असतो. मसुराच्या डाळीत सॉसेज किंवा लार्दों शिजलेले. किश या खाऱ्या टार्टमध्ये हॅम. कुणी कुणी "मासे तर चालतील ना?" असंही प्रेमाने विचारतात. म्हणून फक्त "शाकाहारी" सांगून थांबू नका, यादी सांगा. मी देवनागरीत लिहिलेली चिठ्ठी लोकांना देते: "पा द व्यांद, पा द प्वासों, पा द लार्दों, पा द बुयों द व्यांद." मांस नको, मासा नको, लार्दों नकोत, मांसाचा अर्क नको. आणि शेवटी हसून "मेर्सी". एवढं वाचून दाखवलं की निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं काम आदल्या दिवशीच्या फोनचं किंवा मेलचं. बोनमधल्या लहान रेस्टॉरंटांत आत दोन-तीन माणसं स्वयंपाक करतात. ऐन बारा वाजता तुम्ही शाकाहारी पानाची मागणी केलीत तर फार तर हिरवं सॅलड येईल. एक दिवस आधी सांगितलंत तर तोच शेफ जूनमधली भाजी, मशरूम, क्रीम, ताजे वाटाणे यांतून असं काही करतो की बाकीचे आईंच्या ताटाकडे बघत बसतात. तुमच्या हॉटेलातल्या माणसाला फोन करायला सांगा. शनिवारी जागा राखणं तसंही आवश्यक आहे: "कात्र पर्सोन, मिदी ए कार", चार माणसं, सव्वाबारा.

आईंनी चाखण्यासारखं बरगंडीचं खास काय? गुजेर. चीज घातलेले, फुगलेले, आतून पोकळ गोळे, बेकरीत मिळतात आणि जेवणाआधी खातात. अंडं असतं, पण केकमध्ये असतं तसं पिठात जिरलेलं. गरम बकरीचं चीज पावाच्या कापावर ठेवून दिलेलं सॅलड जवळजवळ सगळीकडे मिळतं, फक्त लार्दों नकोत हे सांगायचं. ग्रातँ दोफिनवा म्हणजे दूध-क्रीम आणि लसणात भाजलेले बटाट्याचे काप. तो बाजूची भाजी म्हणून येतो, पण आईंना तोच मुख्य पदार्थ म्हणून मोठा मागवा. फ्रोमाज ब्लां नक्की मागा. तो चक्क्याच्या जवळ जाणारा, वर साखर किंवा फळांचा गर घालून देतात. फ्रान्समध्ये चार दिवस काढल्यावर घरची आठवण यायला लागली की हाच उतारा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण नंतर कळली की घरात वाद होतात. कोंते, एप्वास, ब्री यांसारखी पारंपरिक चीजं वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणाने, म्हणजे रेनेटने, गोठवतात. फ्रोमाज ब्लांमध्येही थोडं असू शकतं. मूस आणि चकाकणाऱ्या थरांच्या पेस्ट्रीत बरेचदा जिलेटिन असतं. काही जणांना हे चालतं, काहींना नाही. निर्णय आईंचा आहे, त्यांना माहिती देऊन त्यांच्यावर सोडा. जिलेटिन टाळायचं असेल तर फळांचा टार्ट किंवा क्रेम ब्रुले त्यातल्या त्यात बिनधोक.

पाव मात्र निःशंक खा. "बागेत द त्रादिस्यों" या नावाने विकल्या जाणाऱ्या पावात मूलतः पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण एवढंच असावं, गोठवलेला नसावा, असा १९९३ चा सरकारी हुकूमच आहे. साधा बागेत आणि त्रादिस्यों यांच्या किमतीत काही सेंटांचा फरक असतो, चवीत जमीन-अस्मानाचा. मागताना "युन त्रादिस्यों" म्हणा.

बाबांचं तुलनेने सोपं, पण तिथेही एक मेख आहे. बरगंडीचा सगळ्यात प्रसिद्ध पदार्थ बफ बुर्गिन्यों, तो बीफचा, तो सोडा. चिकन मागवलं तरी वरचा तपकिरी सॉस वासराच्या हाडांच्या अर्काचा असू शकतो. त्याला "फों द वो" म्हणतात आणि जुन्या पद्धतीच्या स्वयंपाकघरात तो सर्रास वापरतात. विचारलंत की खरं सांगतात. बाबांसाठी माझी पहिली पसंती पुले गास्तों जेरार. दिजोंच्या महापौरांच्या पत्नीच्या हातून १९३० मध्ये हा पदार्थ तयार झाला आणि त्याला नाव मिळालं महापौरांचं, यावर मी काही बोलत नाही. चिकनचे तुकडे, पांढरी वाइन, क्रीम, कोंते आणि दिजोंची मोहरी. सॉस पांढरा, दाट, मोहरीचा हलका झटका असलेला. वाइन शिजताना बरीचशी उडून जाते, पूर्ण नाही. ती अजिबात चालत नसेल तर दिवसाचा मासा, "प्वासों द्यू जूर", आणि सॉस वेगळा मागवा. बदकही बाबांच्या नियमात बसतं. कोंफी म्हणजे बदकाचा पाय त्याच्याच चरबीत तासन्‌तास मंद शिजवून वरून कुरकुरीत केलेला. पाते, तेरीन ही वाटलेल्या मांसाच्या पदार्थांची नावं दिसली की पोर्क धरूनच चाला.

आणि तुम्ही दोघं. गोगलगाई खा, सहाची बशी मागवा, डझनाची नको. लसूण, पार्स्ली आणि लोणी यांचाच तो पदार्थ, उरलेलं लोणी पावाने पुसून खायचं. तसं पुसणं इथे असभ्य नाही. त्याहून मला प्रिय अफ आँ मरेत: लाल वाइनच्या दाट, काळपट सॉसमध्ये सोडलेली अंडी, वर लार्दों आणि बारीक कांदे. अंड्याचा पिवळा बलक सुरीने फोडला की तो सॉसमध्ये उतरतो आणि वाइनचा आंबटपणा एकदम मऊ होतो. बीफ-पोर्क खाणाऱ्याने बरगंडीत एकच पदार्थ खायचा तर हा. एप्वास चीज मार या दारूने धुऊन मुरवतात. बाहेरून नारिंगी, आतून इतकं मऊ की चमच्याने घ्यावं लागतं. वास भयंकर, चव त्या मानाने सौम्य. आंदुयेत नावाचं सॉसेज दिसलं तर पुढे चला. ते डुकराच्या आतड्यांचं असतं आणि "काहीही खाऊन बघू" म्हणणारे बहुतेक शूरवीर तिथे शस्त्र टाकतात.

टेबलावरचे रिवाज. पाण्यासाठी "युन काराफ दो" म्हणा, नळाचं पाणी, फुकट आणि उत्तम. नुसतं "वॉटर" म्हटलंत तर बाटली येईल आणि बिलात लागेल. पाव फुकट. सेवा-शुल्क किमतीतच धरलेलं असतं, जेवण आवडलं तर दोन-चार युरो टेबलावर ठेवा, नाही ठेवले तरी कुणी मागे येत नाही. फळ्यावर खडूने लिहिलेला स्वस्त दुपारचा "फॉर्म्युल", म्हणजे दोन किंवा तीन पदार्थांचा ठरलेला संच, अनेक ठिकाणी फक्त सोमवार ते शुक्रवार असतो, साधारण १७ ते २५ युरोंना. शनिवारी त्याच जागी ३० ते ४० युरोंचं मेन्यू समोर येतं. म्हणजे बाजार मोठा हवा तर जेवण थोडं महाग. ते खटकत असेल तर बुधवारी जा, बाजार लहान पण फॉर्म्युल हमखास. मी स्वतः शनिवारच निवडेन.

आपल्याकडची "चार वेगवेगळे मागवू आणि मधे ठेवून वाटून खाऊ" ही पद्धत इथे जमत नाही, प्रत्येकाचं ताट वेगळं येतं. एकमेकांच्या ताटातला घास चाखायला हरकत नाही, आणि एक गोड मागवून चार चमचे मागितले तर ते आनंदाने देतात. आई-बाबांची भूक कमी असेल तर त्यांना एक मुख्य पदार्थ आणि गोड पुरे. आणि बिल न मागता येत नाही. वेटर तुम्हाला विसरलेला नसतो, तुम्हाला उठवणं त्याच्या लेखी उद्धटपणा असतो. दोन तास लागणार हे बाबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दीड वाजल्यापासून घड्याळ बघणं सुरू होतं. चहाची आशा सोडा. गरम पाणी आणि पिशवी येते, दूध मागितलं तर गार. कॉफीत "युन न्वाझेत" मागा, एस्प्रेसोत चमचाभर दूध, त्यातल्या त्यात आपल्या जिभेला बरी.

वाइनबद्दल नाशिककरांना मी काय सांगू. तरी एक फरक सांगण्यासारखा आहे. आपल्याकडे एकाच मळ्यात सिरा, शेनँ ब्लां, सोव्हिन्यों असं बरंच काही लावतात. इथे जवळजवळ दोनच जाती: लालसाठी पिनो न्वार, पांढरीसाठी शार्दोने. सगळा खेळ जमिनीच्या तुकड्याचा. एकाच टेकडीवरचे शेजारचे दोन पट्टे वेगवेगळ्या नावाने आणि दुप्पट-तिप्पट फरकाच्या भावाने विकले जातात. त्या पट्ट्यांना "क्लिमा" म्हणतात आणि २०१५ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. नाशिकला जानेवारी ते मार्च तोडणी, इथे ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबर. तुम्ही जूनमध्ये याल तेव्हा वेलींवर नुकतीच फुलं येऊन गेलेली असतील. जेवणाबरोबर एक-एक ग्लास घ्या, तळघरातल्या टेस्टिंगचं पॅकेज आई-बाबांबरोबर असताना नको, तासभर गार तळघरात उभं राहावं लागतं. आई-बाबांसाठी "सिरो द कासिस" पाण्यात घालून मागवा, ब्लॅककरंटचं सरबत. त्याच कासिसची दारू पांढऱ्या वाइनमध्ये घातली की किर होतं, दिजोंचे दुसरे एक महापौर, पाद्री फेलिक्स किर यांच्या नावाचं. ते १९४५ ते १९६८ महापौर होते आणि येईल त्या पाहुण्याच्या हातात हे पेय देत.

जेवणानंतर, म्हणजे सव्वादोन-अडीचला, ओतेल-द्यू बघा. दुकानं अर्धवट जागी असतात तेव्हा हे उघडं असतं, म्हणून ही वेळ. १४४३ मध्ये बरगंडीच्या ड्यूकचे चान्सलर निकोला रोलँ आणि त्यांची पत्नी गिगोन द सालँ यांनी गरिबांसाठी हे रुग्णालय काढलं. शंभर वर्षांच्या युद्धाने आणि उपासमारीने हा मुलूख तेव्हा पिचलेला होता. १४५२ मध्ये पहिला रुग्ण आला आणि विसाव्या शतकात नवं रुग्णालय होईपर्यंत इथे रुग्णसेवा चालू होती. बाहेरून भिंत राखाडी, काहीच कल्पना येत नाही. अंगणात पाऊल टाकलं की लाल, पिवळ्या, हिरव्या, तपकिरी कौलांची नक्षी असलेलं छप्पर. आत गरिबांची लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना लाल पडद्यांचे पलंग, पूर्वी एका पलंगावर दोन-दोन रुग्ण झोपवत. औषधालयात चिनी मातीच्या बरण्यांवर औषधांची नावं आहेत, त्यात पैसा किड्यासारखं अंग गुंडाळणाऱ्या किड्यांची पूडही आहे. बाबांना हे दाखवा, आयुर्वेदावर तासभर चर्चा रंगेल. रोहिर फान देर वेडन याचं "अंतिम निवाडा" हे अनेक फळ्यांचं चित्र शेवटी येतं. घाईत पुढे जाऊ नका. खालच्या बाजूला जमिनीतून वर येणारी माणसं बघा, ज्याच्या-त्याच्या चेहऱ्यावर आपला निकाल आधीच कळल्याचे भाव आहेत. या रुग्णालयाला शतकानुशतकं लोकांनी द्राक्षमळे दान दिले. त्या मळ्यांच्या वाइनचा लिलाव १८५९ पासून होतो, हल्ली नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी, पैसा आजही रुग्णालयाच्या कामी येतो.

तुमच्यात कुणी इंजिनिअर असेल तर मोंजच्या चौकात पुतळ्यापाशी थांबा. गास्पार मोंज १७४६ मध्ये इथे जन्मला. पहिल्या वर्षाला ड्रॉइंगच्या तासाला ज्या प्रोजेक्शन्सनी घाम फोडला, त्यामागची भूमिती त्याची.

मग मोहरी. बोनमध्ये फालो ही १८४० पासूनची गिरणी आहे, अजूनही दगडी जात्यावर मोहरी दळते, आणि दुकानात चव बघता येते. आईंना इथे आवर्जून न्या, कारण ही त्यांच्या मिसळणाच्या डब्यातलीच मोहरी. दिजोंच्या मोहरीला लागणारी तपकिरी मोहरी आणि आपली राई एकाच जातीची, ब्रासिका जुन्सिया. आपण ती उकळत्या तेलात टाकतो, तडतडवतो, आणि तिचा झणका संपतो, उरतो तो खमंगपणा. कारण झणका तयार करणारं द्रव्य दाण्यात आयतं नसतं. दाणा फुटून पाणी लागलं की आतल्या विकराचं (एन्झाइमचं) काम सुरू होतं आणि मग तो उठतो. तापवलं की विकर मरतं. म्हणून इथे दळताना पीठ तापू नये याची काळजी घेतात. आपल्याकडेही लोणच्यासाठी, रायत्यासाठी मोहरी पाण्यात फेसतात, तेव्हा नाकात जाते ती हीच. त्या दुकानात आपल्या आज्यांना मी पाहिलंय: पहिला चमचा तोंडात जातो, डोळ्यांत पाणी येतं, आणि "अगं, ही तर फेसलेली मोहरी!" दाणे मात्र बरीच वर्षं कॅनडातून यायचे. २०२१ मध्ये तिथे उष्णतेची लाट आणि दुष्काळ पडला आणि २०२२ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या दुकानांत मोहरीचं शेल्फ रिकामं झालं. त्यानंतर बरगंडीतल्या शेतकऱ्यांनी पेरा वाढवला. बरणीवर "मुतार्द द बुर्गोन्य" लिहिलेलं असेल तर दाणे आणि पांढरी वाइन दोन्ही इथली. नुसतं "दिजों" लिहिलेलं असेल तर ते कुठेही तयार झालेलं असू शकतं. ते नाव कृतीचं आहे, गावाचं नाही.

परतीला बोनहून साडेपाच-सहाची तेएएर धरा. दिजोंला दीड-दोन तास मिळत असतील तर स्टेशनपासून चालत जुन्या गावात चक्कर होते. पँ देपिस, मधाचा मसालेदार केक, तिथे घ्या, मुलो ए प्तिज्याँ हे त्याचं १७९६ चं दुकान. टिकतो, प्रवासात फुटत नाही, नातेवाइकांना वाटायला बरा. मात्र घेण्याआधी घटक वाचा, काही प्रकारांत अंडं असतं, काहींत नसतं.

मोहरीची बरणी विमानात हातातल्या बॅगेत ठेवू नका. शंभर मिलिलिटरच्या वर असली की सुरक्षा तपासणीत ती द्रवपदार्थ म्हणून काढून घेतात. कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या सामानात टाका. एप्वास घेतलंत तर विकणाऱ्याला "सू व्हीद" म्हणा, तो हवा काढून पक्कं बंद करून देतो. पॅरिसच्या मेट्रोत एप्वास न्यायला बंदी आहे असं इथे गमतीने सांगतात. तसा नियम नाही, पण पॅकिंग केलं नाहीत तर रात्रीच्या डब्यात तुमच्या शेजारची जागा रिकामी राहील.